बिनदांडीचा कारागीर

"काम झालं ना, की कारागिराला दारापर्यंत सोडून ये. घरात ठेवून घेतलास, तर ज्यानं कडी बसवली तोच एक दिवस ती काढून नेईल."

बाईंचं हे वाक्य मौनीच्या कानात रोज सकाळी वाजायचं. बाई तिच्या गुरू. निवृत्त होताना प्रयोगशाळेतली ही खोली, हा ओटा आणि हे काम तिच्या पदरात टाकून त्या आपल्या बहिणीकडे राहायला निघून गेल्या होत्या.

कारागीर म्हणजे एन्झाईम. प्रथिनाच्या एका टोकाला मुद्दाम छोटी शेपटी ठेवलेली असायची. एन्झाईम ती शेपटी नेमकी हुडकायचं, तिचं टोक तोडायचं आणि तिथं रंगाचा कण चिकटवून द्यायचं. निळ्या दिव्याखाली हा रंग हिरवागार दिसायचा. आसपास हजार दुसरी प्रथिनं असोत, ज्याला शेपटी नाही त्याच्या वाटेला हा कारागीर जायचा नाही. असा शहाणा. पण शहाण्याला एक खोड असतेच. जोडायला दुसरं काही उरलं नाही, की तो जोडलेलंच सोडवत बसायचा. म्हणून काम झालं की त्याला बाहेर काढावं लागायचं. त्याची सोय बाईंनीच करून ठेवली होती. एन्झाईमच्या अंगाला एक दांडी बनवलेली असायची. धातूचा लेप दिलेल्या बारीक मण्यांच्या नळीतून मिश्रण सोडलं, की मणी ती दांडी धरून ठेवायचे आणि रंगवलेलं प्रथिन तेवढं खाली उतरायचं. कारागीर वर, दागिना खाली.

हा दागिना छोट्या नळीत भरून जायचा रुग्णालयात. तिथली डॉक्टरीण तो रुग्णाच्या पेशींवर टाकायची आणि कोणत्या पेशी हिरव्या झाल्या त्यावरून रोग कुठवर पोचलाय ते ओळखायची.

मौनी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सकाळी देवापुढे दिवा लावला, की दिवसाचं पहिलं काम हातावेगळं होईपर्यंत ती बोलायची नाही. लग्नाच्याही आधीपासूनचा नेम. प्रयोगशाळेत पहिल्यांदा लोक हसले, मग सवय झाली, मग नाव पडलं. सकाळी तिला कुणी काही सांगितलं तर ती मान हलवायची, एवढंच.

बाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. "मौन चांगलं गं," त्या म्हणाल्या होत्या, "पण मला एक वचन दे. तुझ्या गप्प बसण्यानं दुसऱ्याच्या ताटात माती पडणार असेल, तर त्या दिवशी तोंड उघडायचं. देव रागावला तर माझं नाव सांग."

मौनीनं हसतहसत वचन दिलं होतं. आपल्या गप्प बसण्यानं कुणाच्या ताटात काय पडायचंय!

सगळं सुरळीत चाललं होतं ते तो येईपर्यंत. तो म्हणजे शेजारच्या ओट्यावरचा नवा माणूस. दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेला, उंच, सडपातळ, पायांत रबरी तळव्यांचे बूट. मागे येऊन उभा राहिला तरी पत्ता लागायचा नाही. एन्झाईम बनवायचं काम प्रयोगशाळेच्या सरांनी त्याच्याकडे दिलं होतं आणि रंग लावायचं मौनीकडे ठेवलं होतं.

तो आल्यावर पहिली नळी डॉक्टरणीकडून परत आली. "रंग सगळीकडे पसरतोय," डॉक्टरीण फोनवर म्हणाली. "पेशी हिरव्या, पाणीही हिरवं. मी काय वाचू यातून?"

मौनीनं नळी निळ्या दिव्याखाली धरली. झळझळीत हिरवी. मग तिनं तिच्यातला थेंब गाळणीवर टाकला. ही गाळणी प्रथिनाला अडवते आणि सुटा रंग तेवढा खाली सोडते. रंग सगळा खाली गळून गेला. वर राहिलं ते कोरं प्रथिन, आंघोळ करून बसल्यासारखं.

ती दचकली. नळी पाठवायच्या दिवशी तिनं हीच परीक्षा केली होती आणि रंग वरच राहिला होता. आता नळीत रंग होता, प्रथिनही होतं, पण दोघांनी एकमेकांचा हात सोडला होता. असं कसं होईल? कुणी खरी नळी काढून घेतली असेल आणि तिच्या जागी कोरं प्रथिन नि सुटा रंग कालवून ठेवला असेल, तर हुबेहूब असंच दिसेल.

हा विचार मनात आला आणि पाल चुकचुकली.

दुसरी नळीही तशीच परत आली. फ्रीजमध्ये तो येण्याच्या आधीची एक जुनी नळी होती. मौनीनं ती तपासली. रंग घट्ट, जसाच्या तसा. म्हणजे तिचा हात चुकलेला नव्हता, फ्रीजही बिघडलेला नव्हता. बिघडलं ते त्याचं पाऊल पडल्यावर.

त्यात त्याची ती रोजची चौकशी. दुपारी हात पुसतपुसत यायचा आणि विचारायचा, "ताई, टिकला का रंग?"

"बघू," ती म्हणायची.

"नाही, सहज विचारलं."

सहज! सहज विचारणाऱ्याचे डोळे असे नळीवर खिळतात होय? एकदा तर ती जेवून आली तेव्हा फ्रीजचं दार उघडं होतं आणि तिचा नळ्यांचा डबा त्याच्या हातात होता. "माझा डबा मागे होता, ताई. तुमचा जरा बाजूला काढला," तो म्हणाला. ओशाळं हसला. चोराच्या मनात चांदणं, तिनं मनात म्हटलं.

घरी वन्संना सांगितल्याशिवाय तिला घास गिळेना. वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. मौनीचा नवरा जहाजावर, वर्षातले थोडेच महिने घरी. म्हणून या दोघी एकमेकींच्या सोबतीला. वन्संनी उभी हयात कोर्टात साक्षी-जबान्या टिपून घेण्यात घालवली होती, त्यामुळे घरात दूध उतू गेलं तरी त्यांना आरोपी, हेतू आणि पुरावा लागायचा.

"आरोपी कसा चालतो म्हणालीस?"

"पाय वाजत नाहीत, वन्सं. मागे येऊन उभा राहतो."

"मांजरपावल्या!" वन्संनी नामकरण करून टाकलं. "आणि हेतू?"

"माझं काम त्याला हवं असेल. बाईंचं नाव आहे त्या कामाला."

"पुरावा?"

मौनीनं ताटातल्या पोळीचे तुकडे केले.

"वहिनी, वहिनी," वन्सं पोळी उलटत म्हणाल्या, "मी असे खटले पाहिलेत. आरोपी बिचारा मान खाली घालून उभा, आणि फिर्यादी सगळ्यात सज्जन. शेवटी निघतं काय, तर चोरीला गेलेली शेळी फिर्यादीच्याच परसात बांधलेली!"

मौनीला हसू आलं नाही. वन्संना काय, थट्टा सुचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर तिच्या ओट्यापाशी आले. सर या सगळ्या खोल्यांचे प्रमुख. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण बोललेलं फिरवायचेही नाहीत. मौनीचं पहिलं काम चालू होतं. मणी धुऊन नळीत भरत होती.

"बोलू नका, ऐका," सर म्हणाले. "डॉक्टरणीचा निरोप आलाय. आणखी एक नळी अशी गेली तर त्या दुसरीकडून घेणार. या दोन ओट्यांवर कुणीतरी गडबड करतंय. ज्याची गडबड असेल तो इथं राहणार नाही, मग तो कुणी का असेना. तुमच्या नळ्यांना दुसरं कुणी हात लावतं का?"

मौनीचे हात मण्यांत होते. हो म्हणायला मान हलवावी, तर ते चुगली केल्यासारखं होईल. नाही म्हणून हलवावी, तर मनाला पटत नव्हतं. ती काहीच बोलली नाही. फक्त तिची नजर शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे गेली आणि तिथं जरा थांबली.

सरांनीही त्या स्टुलाकडे पाहिलं. "समजलो," ते म्हणाले.

ते गेल्यावर मौनीनं स्वतःची समजूत घातली. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. तोंडातून शब्द काढला नाही. माझा नेम शाबूत आहे.

पण नुसत्या नजरेवर तिचंही समाधान नव्हतं. वन्संचं 'पुरावा?' कानात टोचत होतं. म्हणून तिनं सापळा लावायचं ठरवलं. नव्या नळीला रंग लावला, मण्यांतून गाळून घेतली, परीक्षा केली. रंग पक्का. मग तिचे दोन भाग केले. एक नेहमीसारखा डब्यात, सगळ्यांच्या फ्रीजमध्ये. त्याच्या झाकणाच्या आट्यांत तिनं देवाच्या वातीतला कापसाचा एक बारीक धागा अडकवून ठेवला. झाकण कुणी फिरवलं तर धागा तुटणारच. दुसरा भाग तळघरातल्या थंड खोलीत, मोडक्या काचसामानाच्या मागे. त्या खोलीची किल्ली फक्त तिच्या कमरेला.

आता वरचा भाग बिघडेल, खालचा टिकेल आणि धागा तुटलेला असेल. मग मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कितीसा वेळ!

ते दिवस तिनं डोळ्यांत तेल घालून काढले. तो फ्रीजपाशी गेला की तिचे कान उभे राहायचे. तो शिट्टी वाजवायला लागला तर वाटायचं, आनंद कसला झालाय? गप्प राहिला तर वाटायचं, मनात काय शिजतंय? त्यानं एकदा तिला चहा आणून दिला. तो तिनं नुसताच धरून बसून गार केला आणि कुंडीत ओतला. त्यानं पाहिलं. "ताई, टिकला का?" विचारायचं मात्र त्यानं त्या दिवसापासून बंद केलं. तिला तेही संशयास्पदच वाटलं.

मग सापळा बघायचा दिवस आला. जेवणाच्या सुट्टीत, खोली रिकामी असताना, तिनं आधी वरचा भाग काढला. झाकणाकडे पाहिलं.

धागा होता. सरळ, पांढरा, अडकवला होता तसाच.

तिनं गाळणीवर थेंब टाकला. रंग गळून खाली गेला.

तिनं कमरेची किल्ली काढली. ती तळघरात गेली. कुलूप जागेवर, धूळ जागेवर, मोडकी काच जागेवर. आतली नळी काढली, थेंब टाकला. तोही रंग खाली.

ती तिथल्याच उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. आता काय? किल्लीची नक्कल? सरांकडे दुसरी किल्ली असेल? सरच तर... तिला स्वतःचीच भीती वाटली. सकाळी याच मनानं देवापुढे दिवा लावला होता. वन्संनी ऐकलं असतं तर म्हणाल्या असत्या, आता फक्त माझ्यावर आणि फ्रीजवर संशय घ्यायचा उरलाय.

ती वर आली तर खोलीत दोघी-तिघी कुजबुजत होत्या. सरांनी त्याला बोलावून सांगितलं होतं. उद्या सकाळी किल्ली जमा करा, सामान घेऊन जा. त्याच्या ओट्यावर एक खोका उघडा पडला होता. तो आतल्या खोलीत काचसामान धूत होता, उद्यापासून यायचं नाही तरीही. पाण्याच्या आवाजावरून कळत होतं की एकेक बाटली तो नीट खळखळून धुतोय.

मौनीला त्या आवाजानं बसवेना. ज्या नळीला कुणाचा हात लागला नाही तिच्यातला रंगही सुटतो. म्हणजे चोर बाहेरून आलाच नाही. तो आत आहे, झाकणाच्या आत. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आत कोण आहे? प्रथिन आहे, रंग आहे, पाणी आहे, क्षार आहेत. कडी काढू शकेल असा एकच. पण त्याला तर तिनं दारापर्यंत सोडलं होतं. दर वेळी, मण्यांतून!

तिनं नळीतला थेंब जेलवर चालवला. जेल म्हणजे मऊ, पारदर्शक वडी. विजेच्या ओढीनं प्रथिनं तिच्यातून आपापल्या आकारानुसार सरकतात, लहान पुढे, मोठी मागे, आणि निळ्या शाईत बुडवलं की त्यांच्या पट्ट्या दिसतात. तिचं रंगवायचं प्रथिन मोठं. त्याची ठसठशीत पट्टी वर होतीच. खाली, जिथं काहीच असायला नको, तिथं एक बारीकशी पट्टी उमटली होती. मिशी फुटल्यासारखी. एन्झाईमची.

कारागीर घरातच होता.

मग तिनं फ्रीजमधून एन्झाईमचीच नळी काढली आणि नव्याकोऱ्या मण्यांतून नुसतं तेच सोडलं. मण्यांनी ते अडवायला हवं होतं. ते सरळ खाली उतरलं, जसं काही मण्यांची आणि त्याची ओळखदेखील नाही.

दांडीच नव्हती त्याला.

आणि आत्ता, इतक्या दिवसांनी, तिला ती सकाळ आठवली. तो नुकताच आला होता. तिचं पहिलं काम चालू होतं, मौन होतं. तो मागून आला, ती दचकली आणि मनातून चिडली. तो हातातली नळी पुढे करून म्हणाला होता, "ताई, हे नवीन एन्झाईम. दांडी कापून टाकलीय हं. आमच्याकडे तसंच करायचे, जास्त स्वच्छ होतं. मग मण्यांवर नाही अडकणार, आकाराच्या चाळणीनं वेगळं करावं लागेल. तेवढं लक्षात ठेवाल ना?"

तिनं मान हलवली होती. सकाळी सगळ्यांना हलवते तशी. त्याचे शब्द कानावर पडले होते, पण आत घेतले नव्हते. हा कधी एकदा जातो असंच तेव्हा झालं होतं. तिनं नळी घेतली, फ्रीजमध्ये ठेवली आणि मणी धुवायला लागली.

म्हणून तो रोज विचारायचा. टिकला का? आपली नवी रीत इथं चालतेय की नाही, या काळजीनं.

घरी आल्यावर ती चपला न काढताच उंबऱ्यावर बसली. वन्सं भाजी निवडत होत्या. त्यांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग ताट बाजूला सारलं.

"निकाल लागलेला दिसतोय."

मौनीनं सगळं सांगितलं. दांडी, मणी, चाळणी, ती सकाळ, सरांची नजर आणि आपली नजर.

वन्संनी नेहमीची थट्टा केली नाही. "हे आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही. त्यालाही नाही. त्याला वाटतं मी चाळणीच वापरते. चाळणीतही मणीच असतात, लांबून फरक कळत नाही."

"म्हणजे तू गप्प बसलीस तर?"

"उद्या तो जाईल. मी परवापासून चाळणी वापरेन. रंग टिकेल. सगळे म्हणतील, बघा, तो गेला आणि सुधारलं."

"आणि बोललीस तर?"

"सर म्हणालेत, ज्याची गडबड तो राहणार नाही. बोललेलं फिरवत नाहीत ते." तिचा आवाज खाली गेला. "बाईंचा ओटा आहे तो, वन्सं."

वन्सं उठल्या, चूळ भरून आल्या. "मी कोर्टात होते तेव्हा," त्या म्हणाल्या, "खोटं बोलणारे मला ओळखू यायचे. सांगू का, खोटं लिहून घेताना मला कधी त्रास नाही झाला. त्रास व्हायचा तो साक्षीदार काहीच बोलायचा नाही तेव्हा. कारण तेही टिपावं लागायचं. 'साक्षीदार गप्प.' मग त्या गप्प राहण्याचा अर्थ जो तो आपल्या सोयीनं लावायचा." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "उद्या सकाळी कितीला जातो म्हणालीस तो?"

"सर आले की. किल्ली देऊन."

"म्हणजे तुझ्या मौनाच्या वेळात."

"हो."

"बघ बाई," वन्सं म्हणाल्या आणि भाजीचं ताट पुन्हा ओढून घेतलं. "तुझा देव, तुझा नेम. मी मध्ये पडत नाही."

सकाळी मौनीनं स्नान केलं, वात वळली, दिवा लावला. रोजच्याप्रमाणे हात जोडले आणि ओठ मिटले. रोज या क्षणी आत कसं शांत व्हायचं, ओटा पुसल्यासारखं. आज मात्र मिटलेल्या ओठांमागे सगळं उसळत होतं. हे कसलं मौन? याच्या आड बसून मी एका माणसाचं ऐकलं नाही आणि एका माणसाला न बोलता सांगून टाकलं. जीभ तेवढी धुतलेली ठेवली, बाकी सगळ्या अंगानं बोलले.

तिनं ज्योतीकडे पाहिलं. ज्योत सरळ होती. देव रागावलेला दिसत नव्हता, पण त्याचं काय, तो कधीच दिसत नाही.

प्रयोगशाळेत पोचली तेव्हा व्हरांड्यात लादी पुसून झाली होती, अजून ओली होती. तिच्या ओट्यावर काल धुतलेले मणी वाट पाहत होते. शेजारच्या ओट्यावर खोका भरून झाला होता. वर त्याचा चहाचा कप, पट्टीनं दुरुस्त केलेली कात्री, घरच्यांचा एक फोटो. रबरी तळव्यांचे बूट आजही वाजले नाहीत. तो मागून आलाच.

"येतो, ताई," तो म्हणाला. "तुमचं मौन आहे, माहितीय. नका बोलू. एकच सांगायचं होतं, एन्झाईम थोडं उरलंय. चाळणी नीट धुऊन ठेवलीय मी आतल्या खोलीत. लागेल तुम्हाला."

रोजच्यासारखी तिची मान हलायला निघाली. तिनं ती थांबवली. त्याच्या तोंडाकडे तिनं नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. तो पुरता गोंधळला. खोका उचलायला वाकला, तर तिनं खोक्यावर हात ठेवला. उचलू नका, असा.

"काय झालं, ताई?"

तिनं अंगावर एप्रन चढवला नाही. मण्यांना हात लावला नाही. दिवसाचं पहिलं काम तसंच पडलं. कालचा जेल तिनं काचेच्या बशीत झाकून ठेवला होता, वरची जाड पट्टी आणि खालची ती मिशीएवढी पट्टी. ती बशी तिनं दोन्ही हातांनी उचलली. व्हरांड्याच्या टोकाला सरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आत त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

ओल्या लादीवर पाय घसरू नये म्हणून ती भिंतीच्या कडेकडेनं, बशी सांभाळत, त्या दाराकडे चालू लागली. ओठ अजून मिटलेलेच होते. आत मात्र पहिलं वाक्य जुळायला लागलं होतं.